हलका हात

आपल्याकडे सायकल शिकवताना बाप कॅरियर धरून मागे धावतो, पोहायला शिकवताना पाठीला भोपळा बांधून विहिरीत सोडतो. दाढी करायला मात्र कुणी कुणाला शिकवत नाही. ओठावर कोवळी रेघ उमटली की घरात दोन दिवस थट्टा होते. मग एके सकाळी पोरगं न्हाणीघराचं दार लावून घेतं आणि बाहेर येतं ते हनुवटीवर वर्तमानपत्राचा कपटा चिकटवून. बहुतेकांचं या विषयातलं शिक्षण तिथंच सुरू होतं आणि तिथंच संपतं. पुढची पन्नास वर्षं माणूस रोज नाहीतर दिवसाआड हे काम करतो, पण आपण ते नीट करतो आहोत की नाही, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

पूर्वी निदान बघायला मिळायचं. दाढी हा उघड्यावरचा कार्यक्रम होता. खिडकीच्या गजाला अडकवलेला आरसा, स्टुलावर वाटीभर गरम पाणी, डबीतला गोल साबण, केस झडलेला ब्रश आणि पिळाच्या दांड्याचा तो जड रेझर. एवढा संसार मांडून वडील बसले की मुलं समोर फतकल मारून बघत बसायची. गाल फुगवायचा कसा, मिशीखाली ओठ ताणायचा कसा, हे न सांगता डोळ्यांत भरायचं. मग न्हाणीघरात बेसिन आलं, बेसिनवर आरसा आला आणि दाराला कडी लागली. बघणं बंद झालं. त्याच सुमारास रेझरही बदलला. एक पातं जाऊन दोन आली, मग तीन, मग पाच. नव्या रेझरचं डोकं मानेवर हलतं, गालाच्या वळणाप्रमाणे स्वतःच फिरतं. तो चालवायला शिकावं लागत नाही, असंच सांगून तो विकला गेला आणि ते बऱ्याच अंशी खरंही होतं.

माझा भाचा तेवीस वर्षांचा आहे. हिंजवडीत नोकरी करतो, शनिवार-रविवारी ठाण्याला आजोळी येतो. गेल्या पावसाळ्यात त्याच्या गळ्यावर कंठमण्याच्या दोन्ही बाजूंना लालसर पुळ्या उठायला लागल्या. मलमं झाली, साबण बदलून झाला. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी भिंगातून बघून सांगितलं, की हे तारुण्यपीटिकांचं प्रकरण नाही. कापलेले केस वळून पुन्हा कातडीत शिरताहेत. पाच पात्यांचा रेझर बंद करा. ट्रिमरने बारीक खुंट राहू द्या, नाहीतर एकाच पात्याने, केसांच्या दिशेनं, हलक्या हातानं करा.

बहुपाती रेझरमध्ये काय घडतं, हे समजून घेण्यासारखं आहे. पहिलं पातं केसाला पकडून किंचित वर ओढतं आणि कापतं. तो केस परत आत जाण्याआधीच मागून दुसरं पातं येतं आणि त्याला आणखी खाली कापतं. कापलेलं टोक मग कातडीच्या पातळीखाली जातं. हात फिरवला की गाल लोण्यासारखा लागतो तो यामुळेच. सरळ केसाच्या माणसाला याचा सहसा काही त्रास होत नाही. पण ज्याचा केस राठ आणि कुरळा, त्याचं तिरकस कापलेलं टोक वाढताना बाहेरची वाट सोडून बाजूच्या कातडीत घुसतं. मग सूज, मग पुळी, आणि त्या पुळीवरून दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच पाच पाती.

संध्याकाळी हे सगळं ऐकून आजोबा म्हणाले, “मग माझा रेझर आहे की.”

कपाटाच्या खालच्या खणातून तो निघाला. पितळी, वरचा मुलामा कडांना उडालेला. त्याचे तीन भाग सुटे होतात. खाली पीळ दिलेला दांडा, मध्ये दाते असलेली पट्टी आणि वर कमानदार टोपी. भाच्यानं तो उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, “आजोबा, यात सेफ्टी काय आहे?” प्रश्न रास्त होता. पातं मधल्या पट्टीवर ठेवून वर टोपी बसवली आणि दांडा आवळला की सपाट पातं कमानीसारखं वाकतं. पात्याची जाडी असते जेमतेम ०.१ मिलिमीटर, म्हणजे साधारण दाढीच्या एका केसाएवढी. सुटं असताना ते बोटानं लवतं. कमानीत आवळलं की ते ताठ होतं आणि केसावर आदळल्यावर थरथरत नाही. दोन्ही बाजूंना त्याची धार केसभरच बाहेर डोकावते आणि खालची पट्टी कातडीला धारेपासून अंतरावर ठेवते. सगळी सुरक्षितता तेवढ्या फटीत आहे. बाकीची हातानं सांभाळायची.

धारेला आड लावायची ही कल्पना जुनी आहे. झां-झाक पेरे या फ्रेंच कारागिरानं अठराव्या शतकात वस्तऱ्याला लाकडी आड बसवली होती. १८८० साली न्यूयॉर्कच्या कँफे बंधूंनी दातेरी पट्टीचा रेझर आणला, पण त्याचं पातं जाडच होतं आणि वस्तऱ्यासारखी त्याला वरचेवर धार लावावी लागायची. किंग कँप जिलेट हा फिरता विक्रेता. बाटलीचं पत्र्याचं बूच ज्यानं शोधलं त्या विल्यम पेंटरच्या कंपनीत तो नोकरीला होता, आणि लोक एकदा वापरून फेकतील असं काहीतरी काढ, हा सल्ला त्याला पेंटरनंच दिला होता. १८९५ साली एका सकाळी बोथट वस्तऱ्यापुढे उभं असताना त्याला पातळ, फेकायच्या पात्याची कल्पना सुचली. सुचणं सोपं होतं. कागदासारख्या पोलादी पत्र्याला टिकाऊ धार येतच नाही, असं जाणकार सांगत होते. विल्यम निकर्सन या अभियंत्यानं तो पत्रा तापवण्याची, थंड करण्याची आणि घासण्याची यंत्रं बसवली तेव्हा कुठं धंदा उभा राहिला. १९०३ या विक्रीच्या पहिल्या वर्षी खपले अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती. पुढच्या वर्षी पेटंट मिळालं. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारनं आपल्या सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर आणि तीन कोटींहून जास्त पाती घेतली, आणि युद्धावरून परतलेला जवान स्वतःची दाढी स्वतः करण्याची सवय घेऊन घरी आला. याच जिलेटनं १८९४ साली पुस्तक लिहून स्पर्धेवर चालणारी बाजारव्यवस्था मोडून टाकावी, असं सुचवलं होतं, आणि नंतर पात्याच्या प्रत्येक पाकिटावर जगभर त्याचाच चेहरा छापला गेला.

आपल्याकडे स्वतःची दाढी स्वतः करणं ही रीत नव्हती. गांधीजींनी आत्मकथेत प्रिटोरियातला प्रसंग सांगितला आहे. गोऱ्या न्हाव्यानं केस कापायला नकार दिला तेव्हा त्यांनी मशीन विकत घेऊन आरशापुढे स्वतःच केस कापले. तिथंच ते नोंदवतात, की विलायतेला गेलेला माणूस दाढी करायला तरी शिकून येतोच. म्हणजे ही शिकून यायची गोष्ट होती. गावात न्हावी हा बलुतेदार. धोकटी घेऊन घरोघर जायचा आणि सुगीला धान्य न्यायचा. दाढीचे वार ठरलेले असायचे. कुणाच्या मानेवर केव्हा वस्तरा लावायचा, हे सांगणारे वेगळे आणि लावणारा वेगळा. त्या लावणाऱ्यांनी एकदा नकारही दिला. १८९० साली मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिक एकत्र आले आणि विधवांच्या केशवपनाला आम्ही वस्तरा लावणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. वस्तऱ्याच्या इतिहासातलं हे पान मला सगळ्यांत मोलाचं वाटतं.

स्वातंत्र्यानंतर देशी पाती आली आणि दाढी घराघरात शिरली. मल्होत्रा घराण्याची टोपाझ आणि पनामा, आणि आमच्या ठाण्यातच तेव्हा बनायची ती सुपर-मॅक्स. आजोबांच्या पिढीला एक पातं आठवडाभर पुरवायचं असायचं. धार गेली की काचेच्या पेल्यात आतल्या बाजूनं पातं बोटानं दाबून गोल गोल घासायचं, म्हणजे आणखी दोन दाढ्या निघायच्या. दाढीतून निवृत्त झालेलं पातं उसवणीचे टाके काढायला, पेन्सिलीला टोक करायला आणि नखं कापायला घरात फिरत राहायचं. आज दहा पात्यांचं पाकीट वाण्याकडे वीस-तीस रुपयांना मिळतं. बहुपाती रेझरचं एक चांगलं डोकं त्याच्या कित्येक पट महाग असतं.

तर भाच्याची या रेझरनं पहिली दाढी. आजोबा खुर्चीत, भाचा आरशासमोर. आजोबांचे हात आता कापतात. गेली काही वर्षं त्यांची स्वतःची दाढी करायला न्हावीकाका घरी येतात. त्यामुळे करून दाखवता येत नव्हतं, सांगावंच लागत होतं, आणि साठ वर्षं हातानं केलेली गोष्ट तोंडानं सांगणं किती कठीण असतं ते तेव्हा दिसलं. “असा धरायचा... म्हणजे असा नाही, जरा असा,” यापलीकडे शब्द जात नव्हते. टोपी गालाला टेकवायची आणि धार लागेपर्यंत दांडा हळूहळू खाली आणायचा, म्हणजे तीसेक अंशांचा कोन आपोआप मिळतो, हे पुस्तकी वाक्य मी वाचून दाखवलं तेव्हा आजोबा म्हणाले, “कोन कसला, आवाज ऐक. खरखर ऐकू आली की बरोबर.” आणि ते खरंच तसं होतं. कोन चुकला की रेझर मुका घसरतो किंवा ओरबाडतो. जमला की केस तुटल्याचा बारीक, कोरडा आवाज खोलीभर ऐकू येतो.

“दाबायचं किती?” भाच्यानं विचारलं.

“दाबायचंच नाही.”

“मग कापणार कसं?”

“रेझर जड कशाला केलाय मग?”

या एका उत्तरात सगळी विद्या आहे, असं मला वाटतं. नव्या रेझरचा दांडा हलका, प्लास्टिकचा. त्याचं डोकं मानेवर हलत असल्यामुळे ते गालाला चिकटून राहायला दाब लागतो. पाच पात्यांवर तो दाब वाटला जातो, म्हणून खपतो. वर्षानुवर्षं हाताला तीच सवय लागलेली असते. एका पात्यावर तोच दाब पडला की कातडी धारेपुढे उचलली जाते आणि सोलते. भाच्याच्या हनुवटीला आणि जबड्याच्या कडेला त्या दिवशी तीन-चार लाल ठिपके उठलेच. नवशिक्याला इथं नवं काही शिकायचं नसतं, हातातला जोर काढून घ्यायचा असतो. दुधावरची साय बोटानं उचलावी तेवढाच भार. बाकीचं काम रेझरच्या वजनानं होतं.

साबणाचंही तसंच. भाच्याला डब्यातून फुस्स करून येणाऱ्या फेसाची सवय होती. तो दिसायला भरघोस असतो, पण त्यात पाणी कमी आणि हवाच जास्त. ओला ब्रश झटकून साबणावर फिरवायचा, मग तळहातावर किंवा वाटीत थेंब थेंब पाणी घालत घोटायचा. आधी मोठे बुडबुडे येतात, ते मोडत जातात आणि शेवटी दह्यासारखा घट्ट, चकचकीत फेस उरतो. त्याचं काम केसाला पाणी धरून ठेवणं. दाढीचा कोरडा केस चिवट असतो. दोन-तीन मिनिटं गरम पाण्यात राहिला की फुगतो, मऊ पडतो आणि कापायला बराच कमी जोर लागतो. म्हणून आंघोळीनंतरची दाढी सोपी जाते. घाईत तोंडावर पाणी मारून लगेच रेझर लावणाऱ्यांनी निदान एवढं तरी बदलून पाहावं.

खरा शिक्षक रविवारी आला. न्हावीकाका साठीचे आहेत, बाजारपेठेत त्यांचं दोन खुर्च्यांचं दुकान आहे. आजोबांच्या गळ्याभोवती टॉवेल लावून त्यांनी खिशातून पाकीट काढलं आणि त्यातलं पातं कागदासकट मधोमध मोडलं. अर्धं वस्तऱ्याच्या खाचेत सरकवलं, अर्धं कागदात तसंच ठेवलं. भाचा बघतच राहिला. त्याच्या रेझरमध्ये होतं तेच पातं. “पूर्वी सहाणेवर घासायचो, पट्ट्यावर पलटायचो,” काका म्हणाले, “एड्सची भीती आली तेव्हापासून गिऱ्हाईक आधी विचारतं, नवं लावलं का? बरंच झालं. धारेचा वेळ वाचला.”

मग त्यांनी भाच्याला खुर्चीत बसवलं आणि वस्तरा बाजूला ठेवून नुसती बोटं फिरवली. वरून खाली, खालून वर, मग आडवी. गालावर केस खाली वाढतात हे कुणालाही माहीत असतं. पण भाच्याच्या गळ्याच्या उजव्या बाजूला ते कानाकडे आडवे वळले होते आणि डावीकडे कंठाखाली चक्क वर येत होते. त्यामुळे आजवर ‘वरून खाली’ म्हणून तो ज्याला सुलट समजत होता, ती तिथं आडवी नाहीतर उलटी दाढी होती. पुळ्या नेमक्या तिथंच होत्या. “दोन दिवस दाढी करू नकोस, मग बोटानं बघ. जिकडून बोट अडतं तिकडून पातं लावायचं नाही,” काकांनी सांगितलं. इतक्या वर्षांत हे त्याला ना कुठल्या जाहिरातीनं सांगितलं होतं, ना आम्ही कुणी.

मी त्यांना एक विचारलं. डॉक्टर म्हणतात कातडी ताणू नका, आणि तुम्ही तर ताणल्याशिवाय वस्तरा लावत नाही. काका म्हणाले, “ताणल्याशिवाय वस्तरा चालत नाही. पण ज्याला पुळ्या येतात त्याची मी गळ्याला उलटी करतच नाही. गिऱ्हाईक म्हणतं अजून गुळगुळीत कर. मी म्हणतो, उद्या येऊन मलाच शिव्या देशील.” डॉक्टरांचं आणि त्यांचं म्हणणं एकच निघालं. केस कातडीच्या वर तुटला पाहिजे, खाली नाही. ज्यांची कातडी सोसते त्यांनी पुन्हा साबण लावून एकदा आडवी, एकदा उलटी करावी. ज्यांची सोसत नाही त्यांनी गळ्यावर थोडे खुंट राहू द्यावेत. लोण्यासारखा गाल ही जाहिरातीनं घालून दिलेली अट आहे आणि ती प्रत्येक चेहऱ्यानं पाळण्याचं काही कारण नाही.

शेवटी तुरटी. ओल्या चेहऱ्यावर तिचा खडा फिरवला की बारीक रक्त थांबतं, कातडी आवळते. पण ती फिरवण्यामागे काकांचा आणखी एक हेतू आहे. जिथं झोंबलं तिथं हात जड पडला. भाच्याला दर वेळी तुरटी सांगते, आज हनुवटी, आज डावा जबडा.

पातं किती दिवस वापरायचं, यावर आजोबा आणि भाचा यांचं एकमत होत नाही. केसापेक्षा पोलाद सुमारे पन्नास पट कठीण, तरी पातं बोथट होतं कसं, हे कोडंच होतं. २०२० साली एमआयटीतल्या संशोधकांनी ते ‘सायन्स’ नियतकालिकात उलगडलं. त्यांच्यातल्या जानलुका रोशोली यानं स्वतःची दाढी करून प्रत्येक वेळी पाती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. धार सरसकट झिजत नाही, तिचे बारीक टवके उडतात. केस धारेसमोर वाकला, आणि पोलादाची घडण जिथं आतून एकसारखी नाही नेमक्या त्याच ठिकाणी त्याची कड लागली, की टवका निघतो. एकदा टवका उडाला की शेजारी दुसरा उडणं सोपं जातं. हे वाचल्यावर मला पेल्यात घासण्याच्या त्या युक्तीबद्दल आदरच वाटला, पण भाच्यानं ती करू नये असं माझं मत आहे. दोन-तीन रुपयांच्या पात्यासाठी गळा पणाला लावायचे दिवस गेले. ओढल्यासारखं वाटलं की बदलायचं, आज असो वा चौथ्या दिवशी.

या सगळ्यात कंपन्यांना शिव्या घालणं सोपं आहे, पण त्यांच्याकडचाच एक किस्सा बोलका आहे. जिलेट कंपनीनं भारतासाठी काढलेला एक रेझर अमेरिकेत एमआयटीतल्या भारतीय विद्यार्थ्यांना देऊन पाहिला होता. सगळ्यांनी पसंत केला, आणि भारतात तो चालला नाही. त्या विद्यार्थ्यांकडे वाहता नळ होता. इथला माणूस वाटीभर पाण्यात रेझर बुडवत होता आणि दोन पात्यांमध्ये अडकलेले केस निघत नव्हते. मग कंपनीची माणसं इथल्या घरांत येऊन बसली. खाली बसून, हातात आरसा धरून, अंधूक उजेडात दाढी करणारे लोक त्यांनी पाहिले, आणि २०१० मध्ये १५ रुपयांचा नवा रेझर बाजारात आला. त्यात पातं एकच होतं. वाटीतल्या पाण्यानं त्यांना पुन्हा एका पात्यावर आणलं.

भाच्याच्या गळ्याच्या पुळ्या दिवाळीपर्यंत बऱ्याच बसल्या. उजवीकडची एक जागा अजून हट्टी आहे. काका म्हणतात, तिथं महिनाभर पातं लावूच नकोस. आठवड्याच्या दिवशी ऑफिसला उशीर होत असेल तर तो ट्रिमर फिरवतो, आणि त्यात काही गैर नाही. घाईची दाढी या रेझरला मानवत नाही. विमानाने जाताना सुटी पाती केबिनच्या सामानात चालत नाहीत, तेही त्याला कळलंय. पोचल्यावर तिथल्या वाण्याकडून घ्यायची.

एका गोष्टीवर मात्र मी आग्रह धरला. वापरलेलं पातं कचऱ्यात टाकायचं नाही, कागदात गुंडाळूनही नाही. घंटागाडीवरचे कामगार आणि कचरा वेचणाऱ्या बाया पिशव्या उघड्या हातानं चिवडतात, आणि आपल्या गुळगुळीत गालाची किंमत त्यांच्या बोटांनी चुकवायची हे मला मान्य नाही. काकांच्या दुकानात अर्ध्या पात्यांसाठी झाकण पक्कं बसवलेला पत्र्याचा डबा आहे. वर चीर पाडलेली, भरला की बंदच्या बंद भंगारात. तसाच आम्हीही केला, कॉफीच्या रिकाम्या डब्याचा. तो भरायला काही वर्षं लागतील. भाच्यानं त्यावर मार्करनं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय : वापरलेली ब्लेड, उघडू नये.